क्योटोची गर्दी आणि आपण

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर झालेल्या भाषणाचा हा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा आवरून घेतला आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आपल्या सोसायटीचं हे रौप्यमहोत्सवी वर्ष. कमिटीतली मुलं म्हणाली, ‘काकू, जपानवर बोला, आणि जमलं तर रौप्यमहोत्सवाशी कुठेतरी जोडा.’ मुलं म्हणजे सगळी पन्नाशीची आहेत, पण आमच्या लेखी मुलंच. तर जोडण्यासारखी एक गोष्ट आहे. क्योटो शहरात गिंकाकु-जी नावाचं एक देऊळ आहे. गिंकाकु म्हणजे रुप्याचं दालन. पंधराव्या शतकात आशिकागा योशिमासा नावाच्या शोगुनानं ते स्वतःसाठी बांधायला घेतलं. त्याच्या आजोबांनी सोन्याचा वर्ख लावलेलं किंकाकु बांधलं होतं, म्हणून नातवाच्या इमारतीला लोक पुढे रुप्याचं म्हणू लागले. आणि त्या इमारतीला चांदी कधी लागलीच नाही! साधं काळपट लाकूड आहे. पण नाव चांदीचं पडलं ते पडलं. हे ऐकलं तेव्हा मला आपल्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव आठवला. असो.

आज मी बोलायला उभी राहिले त्याचं खरं कारण वेगळं आहे. आपल्या तिन्ही विंग मिळून बावीस जण येत्या एप्रिलमध्ये जपानला जायचं म्हणताहेत. मुलांच्या परीक्षा संपल्या की पंधरा तारखेच्या पुढे निघायचं, चेरीची फुलं बघायची, आणि क्योटोला दोन दिवस ठेवायचे, असा बेत ग्रुपवर फिरतोय. मी त्यावर अंगठा दाखवलेला नाही, हे काही जणांच्या लक्षात आलंय. ‘काकूंना यायचं नाही वाटतं,’ असंही कानावर आलं. तसं नाही. मी दोनदा जाऊन आले, एकदा चुकीच्या रीतीनं आणि एकदा बऱ्यापैकी बरोबर. तेवढं सांगते, मग तुम्ही ठरवा.

पहिल्यांदा गेलो ते २०२३ च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, एका टूर कंपनीबरोबर. आम्ही अडतीस जण होतो. क्योटोला एक दिवस. सकाळी किंकाकु-जी, मग जेवण, मग कियोमिझु-देरा, तिथून गिऑन भागात पायी फेरफटका, आणि संध्याकाळी फुशिमी इनारीच्या लाल कमानी. कागदावर किती छान दिसतं! किंकाकु-जीला आत एकाच दिशेनं चालायचं असतं. तळ्याच्या काठाशी फोटोची जागा आहे, तिथे आम्हाला बारा मिनिटं मिळाली. ते सोन्याचं देऊळ मी पाहिलं ते पुढच्या माणसाच्या मोबाइलच्या पडद्यात. खरं सांगते, घरी येऊन फोटो मोठे करून बघितले तेव्हा मला कळलं की त्याचे वरचे दोनच मजले सोन्याचे आहेत.

कियोमिझु-देरा डोंगरउतारावर आहे. गाड्या खाली थांबतात आणि चढण पायी चढायची. दोन्ही बाजूंना दुकानं, मध्ये चिंचोळा रस्ता, आणि माणसं अशी की आपल्या मनानं थांबता येत नाही, वळता येत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत चालतो ना, तसं. यांचा डावा गुडघा तेव्हाही दुखायचा. निम्म्या चढणीवर हे म्हणाले, ‘तू हो पुढे, मी आलोच.’ मी बाईंच्या झेंड्याकडे बघत पुढे गेले. परत खाली आलो तर हे नाहीत.

यांच्याकडे फोन होता पण सिमकार्ड माझ्याच फोनमध्ये घेतलं होतं, दोघांत एक पुरेल म्हणून. (कोणी काटकसर केली ते विचारू नका.) पन्नास मिनिटं अडतीस माणसं खोळंबली. गाईड बाई वर-खाली दोनदा धावून आल्या. शेवटी त्यांच्या फोनवर कुणाचा तरी फोन आला.

झालं होतं असं. यांनी गर्दीतून बाजूला होऊन एका बोळात शिरून एका घराच्या पायरीवर बसकण मारली होती. जुनं लाकडी घर, दाराशी दोन कुंड्या. थोड्या वेळानं दार सरकलं आणि एक आजी बाहेर आल्या. यांना वाटलं, पाणी विचारतील. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे पाटी होती, बसलेल्या माणसाचं चित्र आणि त्यावर लाल फुली. हे चटकन उठले, हात जोडले. उठताना गुडघ्यातून कळ आली ती आजींना दिसली असावी. त्यांनी यांच्या गळ्यातला कंपनीचा बिल्ला हातात घेऊन त्यावरचा नंबर वाचला आणि घरात जाऊन फोन लावला. गाईड येईपर्यंत हे बोळाच्या तोंडाशी भिंतीला टेकून उभे, आणि आजी दारात उभ्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही.

गिऑन त्या दिवशी रद्द झालं. इनारीची फक्त पहिली कमान बघितली. बाकीचे छत्तीस जण तोंडावर काही बोलले नाहीत, पण बसमध्ये कुणी आमच्याशी फारसं बोललंही नाही. त्यांचंही बरोबर होतं. रात्री हॉटेलात हे गप्प होते. मग म्हणाले, ‘गेटबाहेरच्या कट्ट्यावरची पाटी मीच लावली होती ना?’

जुन्या लोकांना आठवत असेल, हे सेक्रेटरी असताना ‘बाहेरील व्यक्तींनी येथे बसू नये – हुकुमावरून’ अशी पाटी रंगवून घेतली होती. शेजारच्या हॉलमध्ये लग्न असलं की वऱ्हाडातली माणसं आपल्या कट्ट्यावर येऊन बसायची, पत्रावळी टाकायची, गाड्या गेटात आडव्या लावायची. किती भांडणं झाली त्यावरून.

आता ही गर्दी एवढी का, ते थोडक्यात सांगते. क्योटो ही ७९४ पासून हजारावर वर्षं जपानची राजधानी होती. तिन्ही बाजूंना डोंगर, मध्ये वाटीसारखं शहर. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या यादीत क्योटोचं नाव होतं. अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी ते काढायला लावलं. इतर मोठ्या शहरांसारखे बॉम्बहल्ले तिथे झाले नाहीत, म्हणून जुनी देवळं, लाकडी घरं आणि बोळ टिकले. पण बोळ टिकले म्हणजे ते जुन्याच मापाचे. शहराची वस्ती चौदा-साडेचौदा लाख. भुयारी रेल्वेचे दोनच मार्ग, बाकी भिस्त बसवर. आणि २०२४ साली जपानात ३ कोटी ६८ लाखांवर परदेशी पाहुणे आले. त्यातल्या बहुतेकांच्या यादीत क्योटो असतंच. त्यात जपानी पाहुणे वेगळे. शाळांच्या सहली तर झुंडीनं येतात. तिथल्या माणसाला दवाखान्यात जायचं असलं तरी तीच बस, आपल्याला सुटकेस घेऊन हॉटेलात जायचं तरी तीच बस. पूर्वी ७०० येनमध्ये दिवसभर बस फिरायचा पास मिळायचा. आपण लोक अशा पासावर तुटून पडतो. २०२३ च्या सप्टेंबरनंतर त्याची विक्री बंद झाली. आता ११०० येनचा बस आणि भुयारी रेल्वे मिळून पास आहे, म्हणजे माणसं जमिनीखालूनही जातील. शंभर येन म्हणजे साधारण पंचावन्न-साठ रुपये धरा. मुक्कामावरचा करही वाढवलाय. सगळ्यात महागड्या हॉटेलांत तो माणशी रात्रीला १०,००० येनपर्यंत जातो. आपल्यासारख्यांच्या हॉटेलांना एवढा नाही, घाबरू नका.

तर एप्रिल. क्योटोत चेरी साधारण मार्च अखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फुलते, आणि पूर्ण बहर जेमतेम आठवडाभर टिकतो. पंधरा तारखेनंतर गेलात तर बहुतेक ठिकाणी पानंच दिसतील. निन्ना-जी देवळातली बुटकी चेरी उशिरा फुलते, ती कदाचित सापडेल. पण पुढे २९ एप्रिलपासून त्यांचा ‘गोल्डन वीक’ सुरू होतो. सलग सुट्ट्या, सगळा जपान घराबाहेर. म्हणजे फुलं चुकणार आणि गर्दी मात्र सापडणार. शाळेची मुलं बरोबर असतील तर गोल्डन वीक संपल्यावर, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा. हवा छान असते, जूनचा पाऊस सुरू व्हायचा असतो. ज्यांना शाळेचं बंधन नाही त्यांनी जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत जावं. आम्ही दुसऱ्यांदा २०२५ च्या जानेवारीत गेलो. थंडी आहे, दिवसा आठ-नऊ अंश, पहाटे एक-दोन. झाडं उघडी असतात. पण देवळापुढे उभं राहून देऊळ दिसतं. मला तेवढं पुरलं. नोव्हेंबरची लाल पानं फार सुंदर म्हणतात, पण तेव्हाही एप्रिलइतकीच माणसं असतात.

दुसऱ्या वेळी आम्ही दोघंच होतो, सहा दिवस. राहिलो ओत्सूला. हे शेजारचं शहर, बिवा नावाच्या मोठ्या तळ्याच्या काठी, क्योटो स्टेशनपासून आगगाडीनं दहा मिनिटं. खोली स्वस्त, रस्ते मोकळे. आपण ठाण्याला राहून मुंबईला जातो त्यापेक्षा जवळ. आणि रोज एक किंवा फार तर दोन जागा ठरवल्या होत्या.

सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे पहाटे उठणं, आणि ती आपल्या वयाच्या माणसांना अगदी सोपी आहे. नाहीतरी साडेचारला जाग येऊन आपण पंख्याकडे बघत पडलेलो असतो! क्योटोतली दुकानं दहाच्या सुमारास उघडतात आणि टूरच्या गाड्या त्याच वेळी येतात. कियोमिझु-देरा मात्र सकाळी सहाला उघडतं. आम्ही क्योटो स्टेशनवरून टॅक्सी केली. इथे पैशाकडे बघू नका, चौघांत एक टॅक्सी करा, गुडघे वाचतात. उजाडता उजाडता वर पोचलो. तोच रस्ता, तीच दुकानं, सगळी बंद. एक म्हातारे गृहस्थ झाडू मारत होते. त्या देवळाचा लाकडी सज्जा तेरा मीटर उंच खांबांवर उभा आहे, एकही खिळा न मारता, लाकडात लाकूड अडकवून. आताची बांधणी १६३३ ची. जपानीत कुणी मोठं धाडस करायचं ठरवलं की ‘कियोमिझुच्या सज्ज्यावरून उडी मारल्यासारखं’ असं म्हणतात. खाली ओतोवाचं झऱ्याचं पाणी तीन धारांनी पडतं. लांब दांड्याच्या पळीनं प्यायचं. दिवसा तिथे मोठी रांग असते. आम्ही गेलो तेव्हा कुणी नव्हतं. तिन्ही धारांचं पाणी पिणं मात्र हावरटपणाचं समजतात, एकाच धारेचं प्यावं.

उतरताना सान्नेनझाका नावाची पायऱ्यांची वाट लागते. तिथे पडलं तर तीन वर्षांत मरण येतं, अशी जुनी समजूत आहे. हे म्हणाले, ‘आता या वयात तीन वर्षांची हमी कोण देतंय, वाईट सौदा नाही.’ मी हात घट्ट धरून उतरवलं.

आम्ही तो बोळ शोधला. सापडला असं वाटलं, नक्की सांगता येत नाही. तिथली सगळी दारं सारखीच. एका दाराशी दोन कुंड्या होत्या, पण तशा त्या बऱ्याच दारांशी होत्या. यांनी इथून चितळ्यांच्या बाकरवडीचा पुडा नेला होता त्या आजींसाठी. सकाळचे पावणेआठ वाजलेले, कुणाचं दार कसं वाजवायचं? चुकीचं घर असलं तर? पाच मिनिटं बोळाच्या तोंडाशी उभे राहिलो आणि परत फिरलो. बाकरवडी आम्हीच खाल्ली, नदीकाठी.

आगगाडीनं आणि पायी जेवढं जमेल तेवढं करा, बस शेवटी. फुशिमी इनारीला क्योटो स्टेशनवरून नारा लाइननं दुसरंच स्टेशन, उतरलं की समोर देऊळ. तिकीट नाही, रात्रंदिवस उघडं. हे तांदळाच्या देवाचं ठाणं, पुढे धंद्याचाही देव झाला. कमानी व्यापाऱ्यांनी आणि भाविकांनी दिलेल्या. चढताना नुसता शेंदरी रंग दिसतो, उतरताना मागच्या बाजूला देणाऱ्यांची नावं दिसतात. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी फरशी असते, अगदी तसंच. बहुतेक लोक पहिल्या शंभर-दोनशे पावलांत फोटो काढून परत फिरतात. तुम्ही अर्धा-पाऊण तास सावकाश वर चढून योत्सुत्सुजी नावाच्या चौकापर्यंत जा. तिथून खाली शहर दिसतं, बसायला जागा आहे, आणि माणसं अगदी तुरळक. शिखरापर्यंत गेलंच पाहिजे असं नाही. आम्ही गेलो नाही.

किंकाकु-जीजवळ रेल्वे नाही. क्योटो स्टेशनवरून थेट बस घेतली की पाऊण तास उभं राहून जायचं. त्यापेक्षा भुयारी रेल्वेनं किताओजीला जा आणि तिथून छोटी बस घ्या, नंबर २०४ किंवा २०५. बसमध्ये मागच्या दारानं चढायचं, उतरताना पुढे ड्रायव्हरजवळ २३० येन टाकायचे. सुटे आधीच काढून ठेवा, नाहीतर मागे रांग खोळंबते आणि कुणी काही बोलत नाही, तेच जास्त लागतं. तिथलं जुनं सोनेरी दालन १९५० साली एका तरुण भिक्षूनंच पेटवून दिलं. आत्ताचं १९५५ साली पुन्हा उभारलेलं आहे. तिथलं तिकीट म्हणजे अक्षरं लिहिलेला कागदी ताईत असतो, फेकू नका. माझ्या देवघरात आहे. आराशियामाच्या बांबूच्या वनाबद्दल फार विचारतात. छान आहे, पण वाट काही शे मीटरचीच. सातच्या आधी गेलात तर वारा ऐकू येतो, दहानंतर फक्त माणसं. बांबूंवर नावं कोरलेली दिसतात. आपल्या मुलांना आधीच तंबी देऊन ठेवा.

आता माझ्या सगळ्यात आवडीची जागा. ही पहिल्या टूरच्या कागदावर नव्हतीच, आणि बऱ्याच टूरच्या कागदावर नसते. सांजुसान्गेन्दो. स्टेशनपासून सपाट रस्त्यानं वीसेक मिनिटं पायी. नावाचा अर्थ ‘तेहतीस गाळ्यांचं सभागृह’. गाळे म्हणजे आपल्या तळमजल्यावरच्या दुकानांचे नव्हेत, दोन खांबांमधलं अंतर. एकशेवीस मीटर लांबीचं एकच लाकडी दालन, १२६६ साली पुन्हा बांधलेलं. आत चपला काढून जायचं. आणि आत गेलं की अर्ध्या अंधारात एक हजार एक मूर्ती. करुणेची देवता कान्नोन, म्हणजे आपले अवलोकितेश्वर. पाचशे एका बाजूला, पाचशे दुसऱ्या बाजूला, दहा-दहाच्या रांगांत उभ्या, आणि मध्ये एक मोठी बसलेली. ती मधली मूर्ती तांकेई नावाच्या शिल्पकारानं १२५४ साली पुरी केली. तेव्हा त्याचं वय होतं ८२! आपल्या कट्ट्यावर ‘आता काय राहिलंय’ म्हणणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते.

या मूर्तींच्या बरोबर अठ्ठावीस रक्षक देवता आहेत. त्यांची नावं वाचताना आम्ही थांबलोच. बोन्तेन म्हणजे ब्रह्मा. ताइशाकुतेन म्हणजे इंद्र. बिशामोन्तेन म्हणजे वैश्रवण, आपला कुबेर. हाडं निघालेला, काठी धरलेला एक म्हातारा आहे, तो वसू ऋषी. आणि कारुरा, म्हणजे गरुड. चोच आहे, पंख आहेत, आणि तो चक्क बासरी वाजवतोय. हे बराच वेळ त्याच्यासमोर उभे होते. म्हणाले, ‘याच्याकडे बासरी कशी आली?’ मी म्हटलं, मालकाची उचलली असेल. आपल्या देवांनी चीन-कोरियावरून एवढा प्रवास केला. वाटेत कोणाच्या हातात काय आलं, सांगता येत नाही. तिथे फोटो काढायला बंदी आहे. सुरुवातीला राग येतो, पण मोबाइल खिशात गेले की सगळी माणसं मूर्तींकडेच बघतात. आम्ही तिथे दीड तास होतो. कुणी धक्का मारला नाही.

असंच एक गिऑनचं. हा जुन्या कलावंतिणींचा, चहाघरांचा भाग. नाव आलंय जेतवनावरून. श्रावस्तीचं जेतवन, जिथे बुद्धांचे वर्षावास झाले, त्या विहाराला जपानीत ‘गिऑन शोजा’ म्हणतात. म्हणजे आपण तिथे अगदीच परके नाही. पण परक्यांनी तिथे काय केलंय ते ऐका. रंगवलेल्या चेहऱ्याच्या, किमोनोतल्या मुली संध्याकाळी कामावर निघतात, त्यांना माइको म्हणतात. लोक त्यांचा पाठलाग करून फोटो काढायचे, वाट अडवायचे, किमोनो ओढायचे. एन्ट्रीला उशीर झालेल्या नटीला नाट्यगृहाच्या दारात धरून ठेवावं, तसं. शेवटी तिथल्या रहिवाशांनी २०२४ साली खाजगी बोळ पाहुण्यांना बंद केले. पाट्या लावल्यात, आत शिरल्यास १०,००० येन दंड. हानामिकोजी हा मोठा रस्ता उघडा आहे, बाजूचे बोळ नाहीत. आम्ही त्या पाटीपुढे उभे होतो. दोन तरुण मुलं पाटी वाचून, हसून आत शिरली. हे मराठीतच ओरडले, ‘अरे ए, पाटी दिसत नाही का!’ अगदी आपल्या गेटवर ओरडायचे तसे. त्या पोरांनी मागे वळून बघितलं आणि आश्चर्य म्हणजे बाहेर आली.

म्हणून बावीस जणांना माझं हात जोडून सांगणं आहे की बावीस जण एकत्र फिरू नका. विमान एक घ्या, हॉटेल एक घ्या, संध्याकाळी एकत्र जेवा. सकाळी मात्र चौघाचौघांनी वेगवेगळ्या दिशेला जा. बावीस माणसं एका बसमध्ये चढली की बस भरली. मग स्टॉपवरच्या आजी राहिल्या. बावीस माणसं बोळात उभी राहिली की बोळ बंद. आणि बावीस जणांत एकाचा गुडघा दुखला की एकवीस खोळंबतात. तो एक गुडघा कुणाचा होता हे मला माहीत आहे, म्हणून बोलते. ए विंगच्या वहिनींनी विचारलं होतं, सासूबाईंना नेऊ का? जरूर न्या. पण त्यांच्या वाटेचे चौघं वेगळे असू देत. त्यांना सांजुसान्गेन्दो, कामो नदीचा काठ आणि उजीचं ब्योदो-इन दाखवा. हे ब्योदो-इन दहा येनच्या नाण्यावर छापलेलं आहे, १०५३ चं. नाणं हातात धरून देऊळ बघायला लहान मुलांनाही मजा येते. नदीकाठी संध्याकाळी जोडपी ओळीनं बसतात, मापून ठेवल्यासारखं सारखं अंतर ठेवून. ते बघायला पैसे पडत नाहीत.

राहिलेलं भराभर सांगते. प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचं कार्ड आणि प्रत्येक फोनमध्ये सिम, इथे काटकसर नको. मोठ्या बॅगा टोकियोच्या हॉटेलातूनच कुरिअरनं पुढे पाठवा, साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात. एका रात्रीचे कपडे हातात ठेवा. शिंकान्सेनमध्ये लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वरची बॅग असेल तर तिच्या जागेसकट सीट आधी राखून ठेवावी लागते. रस्त्यावर कचऱ्याचे डबे नसतात, पिशवी जवळ ठेवा आणि कचरा हॉटेलात आणा. मोज्यांना भोकं नकोत, सारखे बूट काढावे लागतात. स्वच्छतागृहं सगळीकडे, फुकट आणि चकचकीत; त्या एका गोष्टीसाठी मी तिसऱ्यांदा जाईन.

शाकाहारी मंडळींनो, तुमचं थोडं अवघड आहे. भाजीच्या नूडल्समध्येही पाणी माशाचं असतं, त्याला दाशी म्हणतात. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. देवळांतलं शोजिन र्योरी हे भिक्षूंचं जेवण शाकाहारी असतं, पण दाशीबद्दल तिथेही एकदा विचारून घ्या. महाग, आणि वाढतात चमचाभर. इंडियन हॉटेलं आहेत. आम्ही मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं. ओत्सूच्या खोलीत छोटी शेगडी होती. भाजणीचा खमंग वास जिन्यापर्यंत गेला आणि मालकीणबाई विचारायला आल्या. त्यांना एक थालीपीठ दिलं. दुसऱ्या दिवशी दाराशी संत्र्यांची पिशवी होती.

गाड्यांचे नंबर, कुठे उतरायचं, कोणतं देऊळ किती वाजता उघडतं, हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवलंय. वही सोसायटीच्या ऑफिसात ठेवते. झेरॉक्स काढा, पण वही परत करा. माझी चारधामची वही बी विंगमध्ये कुणाकडे तरी चार वर्षं आहे.